बंधन आधी, किंमत नंतर : हिरोफुमी उझावा यांची अभ्यासवाट

१९६८ साली जपानी अर्थतज्ज्ञ हिरोफुमी उझावा यांनी शिकागो विद्यापीठातले प्राध्यापकपद सोडले आणि टोकियो विद्यापीठात सहयोगी प्राध्यापक म्हणून ते रुजू झाले. वय चाळिशीला टेकलेले होते, आर्थिक वाढीच्या गणिती सिद्धान्तात जगभर नाव झाले होते आणि तरीही त्यांनी एक पायरी खालचा हुद्दा पत्करला. पुढच्याच वर्षी टोकियोत ते प्राध्यापक झाले, त्यामुळे हुद्द्याची गोष्ट तिथेच संपली. नवल वाटावे असे घडले ते त्यानंतर. १९७४ साली त्यांनी सामान्य वाचकांसाठी एक छोटे पुस्तक लिहिले. त्याचा विषय होता मोटारगाडी, किंवा नेमके सांगायचे तर मोटारगाडीने रस्त्याच्या कडेला रेटलेली माणसे.

त्यामुळे उझावांच्या कारकिर्दीचे दोन तुकडे पाडून सांगण्याची पद्धत रूढ झाली आहे. अमेरिकेतला गणिती उझावा एक, आणि प्रदूषण, विमानतळ, रुग्णालये अशा विषयांवर बोलणारा जपानमधला पांढऱ्या लांब दाढीचा उझावा दुसरा. ही विभागणी सोयीची आहे, पण मला ती पटत नाही. पहिल्या उझावांनी कागदावर सोडवलेला प्रश्नच दुसऱ्या उझावांनी रस्त्यावर सोडवायला घेतला, असे त्यांचे काम क्रमाने पाहिले की दिसू लागते. तो प्रश्न असा : एखादी मर्यादा ओलांडायची नाही असे ठरवले, तर ती पाळण्याची किंमत किती, आणि ती कोणाच्या खिशातून जाते?

उझावांचा जन्म २१ जुलै १९२८ चा, जपानच्या पश्चिमेकडील तोत्तोरी प्रांतातल्या योनागो या गावचा. शिक्षण टोकियोत झाले. शाळकरी वयात डॉक्टर होण्याचा विचार होता, पण अखेरीस त्यांनी गणित निवडले आणि १९५१ मध्ये टोकियो विद्यापीठाची गणिताची पदवी घेतली. तो काळ युद्धात होरपळलेल्या जपानचा होता. शहर बेचिराख झालेले, अन्नाची टंचाई, बेकारी. आणि अशा वेळी आपण शुद्ध गणितात रमावे का, ही बोच त्यांना स्वस्थ बसू देईना. हाजिमे कावाकामी या जपानी अर्थतज्ज्ञाने पहिल्या महायुद्धाच्या काळात दारिद्र्यावर लिहिलेले पुस्तक त्यांच्या वाचनात आले आणि त्यांनी अर्थशास्त्राकडे वळायचे ठरवले. मात्र जाताना ते गणित सोबत घेऊन गेले.

त्या काळी स्टॅनफर्ड विद्यापीठात केनेथ ॲरो आणि त्यांचे सहकारी लिओनिद हुर्विच हे एका अवघड प्रश्नावर काम करत होते : केंद्रातून कोणीही हुकूम न सोडता, प्रत्येकाने आपापला निर्णय आपापल्या माहितीवर घेतला, तरी सगळ्यांचे मिळून सर्वोत्तम वाटप कसे साधता येईल? उझावांनी टोकियोतून या विषयावरचा आपला लेख ॲरो यांना पाठवला. ॲरो यांनी १९५६ मध्ये त्यांना संशोधन सहायक म्हणून स्टॅनफर्डला बोलावून घेतले. दोनच वर्षांनी, १९५८ मध्ये, ॲरो, हुर्विच आणि उझावा या तिघांच्या नावाने रेषीय आणि अरेषीय नियोजनावरचा, म्हणजे ठरलेल्या मर्यादांच्या आत सर्वोत्तम पर्याय शोधण्याच्या गणितावरचा, ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे ॲरो यांना १९७२ मध्ये आणि हुर्विच यांना २००७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. तिसऱ्या नावाला ते कधीच मिळाले नाही.

त्या ग्रंथात जी रीत आहे तिला आज ‘उझावा पद्धत’ म्हणतात. ती समजून घेण्यासाठी समीकरणांची गरज नाही. एक तलाव पुरेसा आहे. जपानच्या कागावा भागात मान्नो नावाचा जुना सिंचन तलाव आहे. बौद्ध भिक्षू कूकाई यांनी ८२१ साली त्याची दुरुस्ती केल्याची नोंद आहे. समजा, अशा तलावावर शंभर शेतकरी अवलंबून आहेत आणि यंदा त्यात ठरावीकच पाणी आहे. कोणाला किती पाणी द्यावे, हे एका माणसाने ठरवायचे तर त्याला प्रत्येकाची जमीन, पीक, मनुष्यबळ, सगळे ठाऊक असायला हवे. ते शक्य नाही. म्हणून पाटकरी दुसरेच काही करतो. तो पाण्याचा एक दर जाहीर करतो. त्या दराला आपल्याला किती पाणी परवडते, हे प्रत्येक शेतकरी घरी बसून ठरवतो आणि आकडा कळवतो. पाटकरी सगळे आकडे एकत्र करतो. बेरीज तलावातल्या पाण्याहून जास्त भरली तर दर थोडा वाढवतो, कमी भरली तर थोडा उतरवतो. मात्र दर शून्याच्या खाली कधीच जात नाही. पुन्हा आकडे, पुन्हा बेरीज, पुन्हा दर. काही रास्त अटी पाळल्या गेल्या तर ही ये-जा हळूहळू अशा दरावर येऊन स्थिरावते की मागणी आणि पाणी यांची तोंडमिळवणी होते, आणि होणारे वाटप सर्वांच्या एकत्रित हिताच्या दृष्टीने सर्वोत्तम असते. त्या ‘रास्त अटी’ नेमक्या कोणत्या, याच्या शोधातही १९६१ च्या एका लेखात हेच तिघे एकत्र होते. (गंमत अशी की ही रीत अर्थशास्त्राइतकीच, किंबहुना अधिकच, अभियंत्यांच्या कामी आली. दाट द्रवाचा प्रवाह संगणकावर मांडताना द्रवाचे आकारमान बदलत नाही हे बंधन पाळावे लागते, आणि तिथला दाब हा या गोष्टीतल्या पाटकऱ्याच्या दरासारखाच पायरीपायरीने शोधला जातो.)

या गोष्टीतली एक बाब मनात ठेवावी, कारण पुढचा सगळा प्रवास तिच्यावर उभा आहे. पाण्याचा दर पाटकऱ्याच्या मनातून आलेला नाही आणि शेतकऱ्यांच्या घासाघिशीतूनही आलेला नाही. तो आला ‘इतकेच पाणी आहे’ या बंधनातून. बंधन घट्ट असेल तर दर चढा; बंधन सैल असेल तर दर शून्य. आणि बंधन कागदावर लिहिलेच नाही, तर? तरीही दर शून्यच. तलाव आटतो, पण हिशेबाच्या वहीत पाणी फुकट दिसत राहते.

स्टॅनफर्डमध्ये १९५९ मध्ये सहायक प्राध्यापक, मग वर्षभर बर्कलीला, पुन्हा १९६१ पासून स्टॅनफर्डला सहयोगी प्राध्यापक आणि १९६४ पासून शिकागोला प्राध्यापक, असा उझावांचा अमेरिकेतला काळ होता. या बारा वर्षांत त्यांनी वाढीच्या सिद्धान्तावर जे लिहिले ते आजही पदव्युत्तर वर्गांत शिकवले जाते. त्यांपैकी तीन गोष्टी सर्वसाधारण वाचकालाही समजण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट १९६१ ची. त्याआधी रॉबर्ट सोलो यांनी मांडलेल्या प्रसिद्ध प्रतिमानात (मॉडेलमध्ये) संपूर्ण अर्थव्यवस्था एकच वस्तू बनवते. तीच खायची आणि तीच उरवून यंत्र म्हणून वापरायची. उझावांनी तिचे दोन विभाग केले. एक विभाग धान्य-कापडासारख्या उपभोगाच्या वस्तू बनवतो, दुसरा यंत्रे बनवतो, आणि यंत्रे व मजूर दोन्हीकडे लागतात. सुरुवातीच्या मांडणीत त्यांनी असे धरले की मजूर आपली सगळी मजुरी खर्च करतात आणि भांडवलाचे मालक सगळा नफा गुंतवतात. मग विचारले की अशी अर्थव्यवस्था स्थिर वाटेवर येईल का? त्यांचे उत्तर असे की उपभोगाच्या वस्तू बनवणारा विभाग यंत्रे बनवणाऱ्या विभागापेक्षा दर मजुरामागे अधिक भांडवल वापरत असेल, तर नक्की येईल. उलट असेल तर खात्री नाही. अर्थव्यवस्थेचे स्थैर्य कोणाच्या हुशारीवर नव्हे, तर तिच्या दोन अंगांमध्ये यंत्रे कशी विभागली आहेत यावर अवलंबून असू शकते, हे त्यातले नवे होते. हा लेख ज्या नियतकालिकात आला, त्याच्याच त्या वर्षीच्या अंकात सोलो यांनी त्यावर टिपण लिहिले.

दुसरी गोष्टही १९६१ चीच, आणि माझ्या मते अधिक टिकाऊ. तंत्रज्ञान सुधारते म्हणजे काय होते? एखादा विणकर घ्या. सुधारणा त्याच्या मागात होऊ शकते, म्हणजे तोच माग दुप्पट मागाइतके काम देतो. किंवा ती विणकरात होऊ शकते, म्हणजे एक माणूस दोन माणसांइतके काम करतो. किंवा दोन्हींना मिळून लागू होऊ शकते. उझावांनी दाखवले की अर्थव्यवस्था दीर्घकाळ एकसारख्या दराने वाढत राहावी आणि भांडवलाचे उत्पादनाशी असलेले प्रमाण ढळू नये असे हवे असेल, तर एका विशिष्ट अपवादाखेरीज सुधारणा दुसऱ्या प्रकारची, म्हणजे माणसाचे काम वाढवणारीच असावी लागते. यामागचे कारण साधे आहे. भांडवल हे स्वतःच उत्पादनातून साठते, त्यामुळे ते उत्पादनाच्या बरोबरीने वाढते. माणसे मात्र उत्पादनातून साठत नाहीत. दोघांची चाल जुळवायची तर मागे पडणाऱ्याला, म्हणजे श्रमाला, हात द्यावा लागतो. हा निष्कर्ष इतका कडक आहे की अर्थतज्ज्ञांना तो आजही थोडा खटकतो; निसर्गाने नेमकी हीच सुधारणा का निवडावी, असा त्यांचा प्रश्न असतो. मूळ लेखातली सिद्धता सहज गळी उतरणारी नव्हती, म्हणून २००८ मध्ये चार्ल्स जोन्स आणि डीन स्क्रिमजर यांनी तिची नवी, सुटसुटीत सिद्धता दिली.

तिसरी गोष्ट या दुसरीतून उगवलेली आहे. माणसाचे काम वाढवणारी सुधारणा येते कुठून? आकाशातून पडते असे मानणे सोपे होते आणि बहुतेकजण तसेच मानत. १९६५ च्या लेखात उझावांनी मनुष्यबळाची दोन भागांत विभागणी केली : काही माणसे वस्तू बनवतात, काही शिकवण्या-शिकण्याच्या कामात असतात, आणि या दुसऱ्या गटाचे प्रमाण जितके मोठे तितकी उत्पादकता वेगाने वाढते. मग प्रश्न उरतो की आजच्या उत्पादनातून किती हात काढून शाळेत घालावेत. रॉबर्ट ल्यूकस यांनी १९८८ मध्ये ही कल्पना उचलून मानवी भांडवलाचे प्रतिमान उभे केले, आणि पाठ्यपुस्तकांत ते दोघांच्या जोडनावाने येते. शिक्षण हा खर्च नसून वाढीचे इंजिन आहे, हे वाक्य आज कोणताही मंत्री भाषणात टाकतो; ते गणितात बसवण्याचे काम आधी इथे झाले.

शिक्षक म्हणून उझावांचा वारसा मोजायचा तर नावे घ्यावी लागतील. स्टॅनफर्डला डेव्हिड कॅस आणि कार्ल शेल हे त्यांचे विद्यार्थी होते. पिढ्यांनी किती वाचवावे आणि किती खावे, या प्रश्नाचे जे उत्तर आज प्रमाण मानले जाते त्यात कॅस यांचा १९६५ चा लेख आहे. १९६५ च्या उन्हाळ्यात उझावांनी शिकागोला तरुण संशोधकांचे एक शिबिर भरवले. एमआयटीहून आलेल्यांत जोसेफ स्टिग्लिट्झ आणि जॉर्ज ॲकरलॉफ होते. या दोघांना २००१ मध्ये मायकेल स्पेन्स यांच्यासह नोबेल मिळाले.

शिकागोचे दिवस मात्र सुखाचे नव्हते, निदान मनाने. विभागात मुक्त बाजाराचे कट्टर पुरस्कर्ते मिल्टन फ्रीडमन यांचा दबदबा होता. उझावा पुढे अनेकदा एक प्रसंग सांगत : पौंडाचे अवमूल्यन होणार अशी चिन्हे होती, तेव्हा फ्रीडमन एका बँकेत गेले आणि घसरणीवर पैसे लावण्यासाठी उसने पौंड विकायची परवानगी मागितली. बँकेने ती नाकारली. सभ्य माणसे असले व्यवहार करत नाहीत, असा त्या नकाराचा सूर होता, आणि फ्रीडमन यांना तो अत्यंत झोंबला. भांडवलशाहीत जिथे नफा दिसतो तिथे हात घालणे हीच सभ्यता, असे त्यांचे म्हणणे. हा प्रसंग उझावांनी सांगितलेला आहे, आणि तो त्यांना ज्या रंगात दिसला त्याच रंगात आपल्यापर्यंत पोहोचतो, हे लक्षात ठेवलेले बरे. पण दोघांमधले अंतर त्यातून नीट कळते. त्यात व्हिएतनाम युद्धाची भर पडली. विद्यार्थ्यांचे गुण सैन्यभरतीच्या मंडळांना कळवावेत की नाही, यावरून मे १९६६ मध्ये शिकागोच्या विद्यार्थ्यांनी प्रशासकीय इमारतीत ठिय्या दिला होता. ज्या शास्त्राने माणसाचे हित मोजायचे, तेच शास्त्र युद्धातल्या मनुष्यहानीचा जमाखर्च मांडायला वापरले जाताना त्यांनी पाहिले, आणि ते परतले.

परतले ते एका वेगळ्याच खळबळीत. १९६८ मध्ये जपानचे राष्ट्रीय उत्पादन पश्चिम जर्मनीला मागे टाकून भांडवलशाही जगात दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले. त्याच वर्षी सरकारने अधिकृतपणे मान्य केले की मिनामाता गावातल्या, मज्जासंस्था निकामी करणाऱ्या मिनामाता रोगाचे मूळ रासायनिक कारखान्याच्या सांडपाण्यातल्या पाऱ्यात आहे आणि इताई-इताई या हाडे ठिसूळ करणाऱ्या रोगाचे मूळ खाणीतून आलेल्या कॅडमियममध्ये आहे. जानेवारी १९६९ मध्ये टोकियो विद्यापीठाच्या यासुदा सभागृहातून बंडखोर विद्यार्थ्यांना पोलिसांनी पाण्याचे फवारे मारून बाहेर काढले आणि त्या वर्षीची प्रवेशपरीक्षा रद्द झाली. उझावांच्या स्वतःच्या समीकरणांत जपानची वाढ हे आदर्श उदाहरण ठरले असते. प्रत्यक्षात ते मिनामाताला जाऊन आले, रुग्णांना भेटले, आणि आपण ज्या शास्त्रात निष्णात आहोत त्यात या माणसांच्या वेदनेसाठी एकही रकाना नाही, असे त्यांना जाणवले. समुद्र कोणाच्या मालकीचा नाही म्हणून फुकट. फुकट म्हणून त्याचा वापर कारखान्याच्या खर्चात धरलेला नाही. तलावाचे बंधन कागदावर लिहिलेच नव्हते, त्याचा हा परिणाम.

आणि मग रस्ते. अमेरिकेत बारा वर्षे राहून आलेल्या माणसाला टोकियोच्या रस्त्यांनी धक्का बसला. अरुंद गल्ल्या, पदपथ नाहीत, आणि शाळेत जाणाऱ्या मुलांच्या खांद्याला घासून जाणाऱ्या गाड्या. १९७० या एका वर्षात जपानमध्ये रस्त्यावर १६,७६५ माणसे मेली; तो त्या देशातला आजवरचा उच्चांक आहे. यावर उपाय म्हणून ठिकठिकाणी पादचारी पूल उभारले जात होते. पादचारी पूल आपल्याकडच्या शहरांनाही अनोळखी नाही, म्हणून त्यावर क्षणभर थांबायला हरकत नाही. गाडी सपाट रस्त्यावरून सरळ जाते. तिच्या वाटेत येऊ नये म्हणून काठी टेकत चालणारी आजी, कडेवर मूल घेतलेली आई आणि भाजीची पिशवी घेतलेला माणूस दोन मजले चढतात आणि दोन मजले उतरतात. वेग वाचतो गाडीचा, दम लागतो पायी चालणाऱ्याला. मोटारसंस्कृतीचा अमानुषपणा ज्यात सर्वांत स्पष्ट दिसतो ती वस्तू हीच, असे उझावांनी लिहिले. स्वतः ते गाडीत बसणे टाळत, चालत किंवा धावत जात.

१९७४ च्या पुस्तकाचा गाभा एका आकड्यात आहे, आणि तो आकडा कसा आला हे पाहणे अधिक उद्बोधक आहे. एका मोटारीमुळे समाजाला किती भुर्दंड पडतो, याचे अंदाज आधीच निघाले होते. मोटार उत्पादकांच्या संघटनेच्या मते तो गाडीमागे वर्षाला सात हजार येनांहून कमी होता. वाहतूक मंत्रालयाच्या मते सुमारे ७० हजार. एका खासगी संशोधन संस्थेच्या मते सुमारे १ लाख ८० हजार. तफावत पंचवीस पटींची असली तरी विचारांची रीत एकच होती : झालेले नुकसान मोजा आणि गाड्यांच्या संख्येने भागा. नुकसानात माणसाचा मृत्यूही येतो. त्याची किंमत अशी काढायची की तो जगला असता तर किती कमावले असते, त्या रकमेचे आजचे मूल्य. या रीतीने म्हाताऱ्याच्या जिवाचे मोल जवळजवळ शून्य निघते आणि काम करू न शकणाऱ्या अपंग माणसाचेही. उझावांचा आक्षेप आकडा लहान असण्यावर नव्हता. प्रश्नच चुकीचा विचारला आहे, असे त्यांचे म्हणणे होते. परत मिळू न शकणारी गोष्ट पैशात मोजून गुणाकार करणे त्यांना मान्य नव्हते.

त्यांनी प्रश्न उलटा केला. रस्त्यावरून निर्धास्त चालणे हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे, हे आधी ठरवा. तो हक्क न तुडवता गाड्या चालवायच्या असतील तर रस्ते कसे असायला हवेत? पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी वेगळी जागा, मध्ये झाडांची ओळ. म्हणजे रस्ता दोन्ही बाजूंना चार-चार मीटर रुंदावायला हवा. टोकियोत असे सुमारे २० हजार किलोमीटर रस्ते. आठ मीटर गुणिले २० हजार किलोमीटर म्हणजे १६ कोटी चौरस मीटर जमीन. जमिनीचा आणि बांधकामाचा खर्च चौरस मीटरला दीड लाख येन धरला, तर एकूण २४ लाख कोटी येन. शहरात गाड्या सुमारे २० लाख. म्हणजे गाडीमागे १ कोटी २० लाख येनांची गुंतवणूक, आणि तिच्यावरचे व्याज धरून गाडीमागे दर वर्षी सुमारे २० लाख येन. मंत्रालयाच्या आकड्याच्या जवळजवळ तीसपट!

हा आकडा वाचून पुष्कळांनी डोळे विस्फारले आणि तो अव्यवहार्य म्हणून बाजूला सारला. इतके रस्ते रुंदावणार कोण? पण माझ्या समजुतीप्रमाणे तो कामाचा प्रस्ताव नव्हताच. तो पाटकऱ्याचा दर होता. ‘माणसाच्या हक्कावर पाय पडता कामा नये’ हे बंधन प्रथमच कागदावर लिहिले गेले आणि त्याच क्षणी आतापर्यंत शून्य वाटणारा दर उघडा पडला. वर्षाला २० लाख येन मोजायची गाडीवाल्याची तयारी नसेल, तर त्याचा अर्थ इतकाच की आजवर ती रक्कम पायी चालणारा भरत होता : दमाने, भीतीने, कधी जिवाने. १९५८ च्या ग्रंथातली रीत आणि १९७४ च्या पुस्तकातली रीत यांत इथे मला काहीच फरक दिसत नाही. बंधन आधी, किंमत नंतर.

आपले नंतरचे विचार उझावांनी ‘सामाजिक समाईक भांडवल’ या नावाखाली बांधले. त्यात तीन गोष्टी येतात : निसर्ग, म्हणजे हवा, नद्या, जंगले, समुद्र; पायाभूत सोयी, म्हणजे रस्ते, वाहतूक, पाणी, वीज; आणि संस्था, म्हणजे शिक्षण, आरोग्यसेवा, न्यायव्यवस्था, वित्तव्यवस्था. माणसासारखे जगायचे तर या गोष्टी सर्वांना लागतात, म्हणून त्या नफ्याच्या हवाली करू नयेत. पण सरकारी बाबूंच्या हवालीही करू नयेत. त्या त्या क्षेत्रातल्या जाणकारांनी आपल्या व्यवसायाच्या नीतिनियमांनुसार, विश्वस्त म्हणून, त्या सांभाळाव्यात. पैसे आहेत तेवढेच उपचार असा हिशेब न करता, चांगल्या उपचारांना जे लागते ते आधी ठरवावे आणि अर्थव्यवस्थेने त्याच्याशी जुळवून घ्यावे, असे ते आरोग्यसेवेबद्दल म्हणत. क्रम पुन्हा तोच. या मांडणीतली कच्ची बाजूही सांगायला हवी. डॉक्टर, शिक्षक, अभियंते हे विश्वस्त म्हणून नेमले, तर त्यांच्यावर लक्ष कोणी ठेवायचे? व्यवसायाची नीती ही कधी कधी व्यावसायिकांची एकजूट ठरते, हे आपण सगळेच पाहतो. उझावांचा आपल्या जाणकारांवरचा विश्वास मला त्यांच्या गणितापेक्षा पुष्कळ सैल वाटतो.

१९८० ते १९८२ ते टोकियो विद्यापीठात अर्थशास्त्र विभागाचे अधिष्ठाता होते. त्याआधी १९७६ मध्ये इकॉनोमेट्रिक सोसायटी या गणिती अर्थतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. १९८९ मध्ये निवृत्त झाल्यावर निइगाता, चूओ आणि दोशिशा या विद्यापीठांत त्यांनी काम केले. १९८३ मध्ये सरकारने सांस्कृतिक योगदानाबद्दल त्यांचा गौरव केला, तेव्हा सम्राटांसमोर आपले काम सांगायची वेळ आली. घाबरून ते अर्थशास्त्राबद्दल काहीबाही बोलत सुटले, आणि सम्राट हिरोहितो यांनी मध्येच थांबवून म्हटले की तुम्ही अर्थकारण, अर्थकारण म्हणता, पण तुम्हाला शेवटी माणसाचे मन महत्त्वाचे आहे असेच सांगायचे आहे ना. उझावा हा किस्सा आवडीने सांगत. १९९७ मध्ये त्यांना संस्कृती पदक मिळाले.

सन्मानांहून त्यांची धडाडी अधिक दिसली ती नारिताला. टोकियोच्या नव्या विमानतळासाठी १९६६ मध्ये सरकारने सानरिझुका परिसराची निवड शेतकऱ्यांना न विचारताच जाहीर केली. त्यातून जो संघर्ष पेटला त्यात शेतकरी, विद्यार्थी आणि पोलीस अशा सर्व बाजूंची माणसे मेली. विमानतळ १९७८ मध्ये सुरू झाला, तरी झगडा मिटला नाही. १९९१ मध्ये अर्थतज्ज्ञ मिकिओ सुमिया यांच्या नेतृत्वाखाली जाणकारांचा एक गट मध्यस्थीसाठी पुढे आला. उझावा त्यात होते. सरकार आणि आंदोलक शेतकरी समोरासमोर बसले, जाहीर चर्चासत्रे झाली, आणि १९९३ मध्ये सक्तीच्या भूसंपादनाचे अर्ज सरकारने मागे घेतले. जमीन ही विकत घ्यायची वस्तू आहे की एका गावाचे जगणे आहे, हा प्रश्न तिथे पुस्तकातला उरला नव्हता.

शेवटच्या दोन दशकांत त्यांनी हेच सूत्र हवेला लावले. कार्बन उत्सर्जनावर कर बसवायचा तर तो जगभर एकसारखा असावा, असे बहुतेक अर्थतज्ज्ञ सांगतात. एक टन कार्बन कुठूनही निघाला तरी हवेला सारखाच, हे त्याचे कारण. उझावांनी १९९० पासून याला विरोध केला. एकच दर अमेरिकेला बोचणारही नाही आणि गरीब देशाची वाढ मात्र खुंटवेल. म्हणून कराचा दर देशाच्या दरडोई उत्पन्नाच्या प्रमाणात असावा, जंगले वाढवणाऱ्याला त्याच दराने अनुदान मिळावे आणि जमा रकमेचा एक भाग वातावरण स्थिर राखण्याच्या जागतिक निधीतून गरीब देशांना द्यावा, अशी त्यांची योजना होती. २००३ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने प्रकाशित केलेल्या ग्रंथात तिची पूर्ण गणिती मांडणी आहे. वयाच्या पंचाहत्तरीत लिहिलेल्या त्या पानांवर गुणक, बंधने आणि छाया-किंमती (म्हणजे पाटकऱ्याच्या दरासारख्या, बंधनातून निघणाऱ्या किंमती) पुन्हा तशाच येतात, जशा स्टॅनफर्डच्या दिवसांत आल्या होत्या. फक्त तलावाच्या जागी आता सगळे वातावरण आहे, आणि शंभर शेतकऱ्यांच्या जागी सगळे देश.

या कामासाठी २००९ मध्ये त्यांना ब्लू प्लॅनेट हे पर्यावरणविषयक पारितोषिक मिळाले. १८ सप्टेंबर २०१४ रोजी टोकियोत, वयाच्या ८६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. जपानमधला पहिला पादचारी पूल १९५९ मध्ये आइची प्रांतातल्या निशिबिवाजिमा इथे उभा राहिला होता. उझावांच्या हयातीतच, २०१० मध्ये, तो पाडण्यात आला.